दोन हजार वार सूत आणि निपाणीचा सवाल

बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी साजरी झाली. २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी टिळकवाडीच्या माळावर उभारलेले विजयनगर, गंगाधरराव देशपांड्यांची धडपड, पाण्यासाठी खोदलेली आणि पंपा सरोवर म्हणून ओळखली गेलेली विहीर, गांधीजींचे काँग्रेसमधले एकमेव अध्यक्षपद, हे सगळे सीमाभागातल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातल्या सभेत ‘जय बापू, जय भीम, जय संविधान’ ही घोषणाही दुमदुमली. बापू आणि भीम एका दमात उच्चारले गेले, यात गैर काहीच नाही. पण त्या अधिवेशनानंतर अवघ्या चार महिन्यांत, बेळगावपासून सुमारे ७५ किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यातल्या निपाणीत डॉ. आंबेडकरांनी बापूंना जो सवाल टाकला, त्याची आठवण या घोषणेत कुठेच नव्हती. तो सवाल मला अधिवेशनाइतकाच महत्त्वाचा वाटतो. द्वेषाविरुद्ध लढणाऱ्या पक्षाची, वर्तमानपत्राची किंवा संस्थेची परीक्षा कशी घ्यायची, हे त्यात सांगितले आहे. ब्रिटनमधल्या ज्यूंनी आपल्याकडे मते मागणाऱ्या पक्षाला नेमके हेच विचारले, पण त्याला आणखी ९३ वर्षे जावी लागली.

बेळगावात अस्पृश्यतेवर कमी बोलले गेले, असे कोणी म्हणू नये. अध्यक्षीय भाषणात तो विषय होता, त्याच दिवसांत बेळगावात अस्पृश्यता परिषदही भरली आणि तिथेही गांधीजी बोलले. छावणीतल्या सफाईची जबाबदारी काका कालेलकरांकडे होती आणि उच्चवर्णीय स्वयंसेवकांनी हातात झाडू घेतला होता. ते दृश्य त्या काळाच्या मानाने धाडसाचेच होते. पण अधिवेशनाने नियम कोणता केला? स्वराज्य पक्षाशी कलकत्त्याला झालेल्या समझोत्यावर शिक्कामोर्तब झाले आणि काँग्रेसच्या सभासदत्वाची चार आण्यांची वर्गणी जाऊन दरमहा दोन हजार वार सूत आले. स्वतः कातलेले द्या; आजारपण असेल, इतकेच काय, कातण्याची इच्छा नसेल, तरी दुसऱ्याकडून कातून घेऊन द्या. सूत नाही तर मत नाही. सभासद आपल्या घरी कोणाला ओटीवर थांबवतो, विहिरीवर कोणाला पाणी वरून ओततो, हे मात्र कोणत्याही कलमात आले नाही. याच अधिवेशनात अकरा वर्षांची एक मुलगी गायली. पुढे ती गंगूबाई हनगल म्हणून जगाला माहीत झाली. गाणे कसे होईल यापेक्षा, जेवणे झाल्यावर आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना, ही धास्ती तिला अधिक होती. तिनेच उतारवयात ते सांगितले आहे. विजयनगरात तिला कोणी अपमानित केले नाही. तरीही त्या मांडवात शिरताना अकरा वर्षांच्या पोरीला भीती कशाची वाटावी, हे ठरवणारी व्यवस्था मांडवाबाहेर जशीच्या तशी उभी होती.

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर. वय तिशीतले, बॅरिस्टर, बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन होऊन वर्षही झालेले नव्हते. महाडचा सत्याग्रह अजून दोन वर्षे दूर होता. निपाणी कोल्हापूरच्या वेशीवर. शाहू महाराजांच्या पुढाकाराने गाजलेली माणगावची १९२० ची परिषद याच टापूतली, त्यामुळे श्रोत्यांना हा तरुण नवखा नव्हता. तिकडे केरळात अस्पृश्यांच्या रस्त्याच्या हक्कासाठी वायकोमचा सत्याग्रह चालू होता आणि गांधीजी नुकतेच तिथे जाऊन आले होते. या पार्श्वभूमीवर आंबेडकरांनी गांधीजींचे मूल्यमापन केले, आणि ते वाचताना आजही त्यातला समतोल थक्क करतो. सामाजिक अन्याय दूर करणे हे प्रत्येक भारतीयाचे कर्तव्य आहे, असे गांधीजींच्या आधी कोणत्याही राजकीय पुढाऱ्याने म्हटले नव्हते, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मग मुद्दा आला. खादी आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य यांवर गांधीजींचा जेवढा कटाक्ष आहे तेवढा अस्पृश्यतानिवारणावर नाही. असता, तर सुतासारखीच अस्पृश्यता न पाळण्याचीही अट त्यांनी काँग्रेसच्या मतदानाला घातली असती. आणि शेवटी, सगळ्यांनीच झिडकारलेल्या माणसाला महात्म्याची सहानुभूतीही थोडकी नसते, असेही ते म्हणाले. या शेवटच्या वाक्यातली कृतज्ञता खरी आहे आणि व्यथाही खरी आहे. पुढच्या दहा वर्षांतला कडवटपणा अजून आलेला नाही, म्हणूनच निपाणीचा सवाल नितळ दिसतो.

यावर पहिला आक्षेप असा की काँग्रेसने काहीच नियम केला नव्हता असे नाही. १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनात स्वयंसेवकांच्या प्रतिज्ञेत हिंदू स्वयंसेवकाने अस्पृश्यतानिवारणाची गरज मान्य करावी, असे कलम होते. बरोबर आहे, आणि त्यामुळे सवाल अधिकच टोकदार होतो. अशी अट लिहिता येते, हे पक्षाला ठाऊक होते. तुरुंगात जाणाऱ्याला ती घातली गेली, मत देणाऱ्याला नाही. १९२२ च्या बारडोली कार्यक्रमानंतर या कामासाठी समिती नेमली, स्वामी श्रद्धानंद त्यातून वैतागून बाहेर पडले आणि १९२३ मध्ये हा प्रश्न हिंदूंचा आहे म्हणून हिंदू महासभेकडे सोपवून पक्ष मोकळा झाला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. सक्तीने मन बदलत नाही. अट घातली की लोक सहीपुरते सुधारक होतात. गांधीजींचा सारा भर हृदयपरिवर्तनावर होता. पण मग चरख्याचे काय? कातण्याची गोडी सक्तीने लागते, असे तरी कोणी मानत होते का? दुसऱ्याचे सूत चालेल अशी सवलत देऊन ढोंगाला दार उघडे ठेवले होतेच, आणि सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला ती सक्ती सैल करावीही लागली. तरीही ती एकदा घातली गेली, कारण पक्षाला कशाची निकड वाटते हे त्यातून देशाला कळावे अशी इच्छा होती. अस्पृश्यतेबाबत तीच निकड दाखवली गेली नाही. हृदयपरिवर्तन होईपर्यंत पाण्यावाचून कोणी थांबायचे, हा प्रश्न पाण्यावाचून थांबणाऱ्यालाच पडतो. रावबहादूर बोल्यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा खुल्या करण्याचा ठराव संमत करून घेतला होता, पण तो ठिकठिकाणी कागदावरच राहिला. म्हणून १९२६ मध्ये त्यांना दुसरा ठराव आणावा लागला: जी नगरपालिका ऐकणार नाही तिचे अनुदान थांबवा. निपाणीचा तर्क तोच आहे. जो मोडला तरी किंमत मोजावी लागत नाही तो ठराव म्हणजे शुभेच्छापत्र.

नोव्हेंबर १९३२ चे एक पत्र मला या सगळ्यात अत्यंत बोलके वाटते. पुणे करार झालेला, गोलमेज परिषदेसाठी आंबेडकर विलायतेच्या बोटीवर, आणि बोटीवरूनच ते ठक्करबाप्पांना लिहितात. अस्पृश्यतानिवारणाच्या नव्या संघटनेने, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाने, काय करावे? एकेका अस्पृश्याला सद्गुणी करण्याच्या मागे लागू नये. खेड्यापाड्यांत पाणवठे, शाळा, चावडी, वाहने यांवरच्या नागरी हक्कांची मोहीम काढावी. दंगे होतील, डोकी फुटतील, तरी काढावी. कामधंद्यात समान संधी मिळवून द्यावी. आणि कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्यांतूनच घ्यावेत, कारण ज्याला माया आहे तोच ते काम करील. त्या पत्राची पोचही आली नाही, असे आंबेडकरांनी पुढे लिहिले. गांधीजींची बाजू अशी होती की हरिजन सेवक संघ हा ऋणकऱ्यांचा संघ आहे. सवर्णांनी पापाचे प्रायश्चित्त घ्यायचे, तर कारभारही त्यांनीच पाहावा. या भूमिकेत नैतिक उंची आहे, हे नाकारता येत नाही. पण कर्ज कधी फिटले हे ठरवण्याचा अधिकारही तिने ऋणकऱ्यालाच देऊन टाकला. ज्याचे देणे होते तो खोलीबाहेरच राहिला.

वर्तमानपत्रांचा इतिहास याला जोडूनच वाचावा लागतो. ३१ जानेवारी १९२० रोजी आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात, तीही पैसे घेऊन, छापायला ‘केसरी’ने नकार दिला, असे धनंजय कीरांनी नोंदवले आहे. शिवीगाळ नाही, अग्रलेख नाही. नुसती जागा दिली नाही. प्रसारमाध्यमांतल्या द्वेषाचा विचार करताना आपण छापून आलेल्या ओळी मोजतो. न छापलेल्या ओळी मोजायची पद्धतच नाही. ब्रिटनच्या ज्यू वृत्तपत्रांनी या बाबतीत एक धडा घालून दिला. जुलै २०१८ मध्ये ‘ज्यूइश क्रॉनिकल’, ‘ज्यूइश न्यूज’ आणि ‘ज्यूइश टेलिग्राफ’ या तीन प्रतिस्पर्धी साप्ताहिकांनी एकच मुखपृष्ठलेख छापला आणि मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचे सरकार आले तर देशातल्या ज्यू जीवनाच्या अस्तित्वालाच धोका आहे, असे बजावले. ती भाषा टोकाची होती, असे माझेही मत आहे. पण त्यामागची मागणी मोजकी होती: मजूर पक्षाने ज्यूद्वेषाची आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीची व्याख्या तिच्या सर्व उदाहरणांसह आपल्या नियमांत घ्यावी. पक्षाने आधी काही उदाहरणे गाळून स्वतःची संहिता केली होती. आम्ही आयुष्यभर वंशवादाविरुद्ध लढलो आहोत, आम्हाला व्याख्या कशाला, असा पुष्कळांचा सूर होता. बेळगावच्या मंडपात हा सूर अनोळखी वाटला नसता. सप्टेंबरमध्ये पक्षाने सर्व उदाहरणे स्वीकारली. २९ ऑक्टोबर २०२० रोजी समता आणि मानवाधिकार आयोगाने अहवाल दिला. छळ आणि भेदभावाच्या बेकायदा कृत्यांना पक्ष जबाबदार ठरला. तपासलेल्या ७० तक्रारींपैकी २३ प्रकरणांत नेत्याचे कार्यालय वा इतर मंडळींचा अनुचित हस्तक्षेप आढळला. भाषणांत ज्यूद्वेषाचा निषेध करणाऱ्या पक्षाच्या तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे होती, ते तेव्हा कागदोपत्री कळले.

इथे आक्षेप येतो तो सर्वांत गंभीर: ही व्याख्या इस्रायलवरची टीका दडपण्यासाठी वापरली जाते. आक्षेप खरा आहे. मसुदा करणारे केनेथ स्टर्न यांनीच तिचा विद्यापीठांत भाषणबंदीसाठी वापर होऊ नये, असे वारंवार सांगितले. गाझातल्या माणसांच्या मरणाबद्दल बोलणे हा ज्यूद्वेष नव्हे, आणि तसे ठरवणारी कोणतीही संहिता मला मान्य नाही. पण म्हणून व्याख्याच नको, हा निष्कर्ष निघत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मँचेस्टरच्या सिनेगॉगवर योम किप्पूरच्या दिवशी हल्ला झाला. तिथे प्रार्थनेला आलेली माणसे नेतान्याहूंच्या मंत्रिमंडळात नव्हती. नियम मताचा नसावा, वर्तनाचा असावा, एवढाच या आक्षेपातून घ्यायचा बोध. निपाणीचा सवाल इथेही वाट दाखवतो: आंबेडकरांनी सभासदाचे मत तपासायला सांगितले नव्हते. तो शिवतो की नाही, पाणी देतो की नाही, जेवायला बसवतो की नाही, एवढे पाहायचे होते.

ज्यू आणि अस्पृश्य यांची तुलना ओढूनताणून आहे, असे म्हणणाऱ्यांनी आंबेडकरांच्या एका अपूर्ण हस्तलिखिताचे इंग्रजी शीर्षक पाहावे: अस्पृश्य, अर्थात भारतीय घेट्टोची मुले. इस्रायल झँगविलची लंडनच्या ज्यू वस्तीवरची १८९२ ची कादंबरी त्यात उघड घुमते. फरक मोठे आहेत आणि ते पुसू नयेत. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना शेजाऱ्यांनी ‘शनवार तेली’ म्हणून सामावून घेतले. त्याच गावांत महारवाडा गावाबाहेर होता. ज्यूंना बाहेरचे ठरवून मारले गेले, अस्पृश्यांना आतलेच म्हणवून बाहेर ठेवले गेले. सारखी आहे ती संरक्षणाची गरज, आणि ते कोणाच्या मर्जीवर असू नये ही अपेक्षा.

ही अपेक्षा आपल्यावर उलटते तेव्हा आपण काय करतो, ते ब्रिटनमध्येच दिसले. १९८३ च्या मंडला खटल्यात लॉर्ड्सच्या न्यायालयाने वांशिक गटाची जी कसोटी लावली, तिने शिखांना संरक्षण दिले. ज्यूंनाही ते वंश म्हणून मिळत आले. २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची मुभा मंत्र्यांना होती आणि २०१३ च्या दुरुस्तीने ते बंधनकारक झाले. तरीही जुलै २०१८ मध्ये, म्हणजे ती तीन साप्ताहिके एक मुखपृष्ठ छापत होती त्याच महिन्यात, सरकारने जातीचे कलम न घालण्याचा निर्णय जाहीर केला आणि न्यायालयीन निकालांवर भरवसा ठेवला. अनेक हिंदू संघटनांनी या कलमाला जोरदार विरोध केला होता. इथे जात उरलेलीच नाही, कायदा केला तर उगाच आमच्यावर डाग लागेल, हा त्यांचा युक्तिवाद. उरलेलीच नसेल तर कलमाने कोणाचे काय बिघडते, याचे उत्तर मला त्यात सापडले नाही.

निपाणीची अट काँग्रेसच्या घटनेत यायला १९४८ उजाडले. विशिष्ट श्रेणीचा सभासद अस्पृश्यता पाळणारा नसावा, असे कलम तेव्हा आले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत केले तेव्हा सभागृहात ‘महात्मा गांधी की जय’ असा घोष झाला. मसुदा समितीचे अध्यक्ष आंबेडकर तेव्हा सभागृहाचे सदस्य होते. आता कायदा आहे, पण संस्थांचे नियम अजून ज्याचे त्याच्या हाती आहेत. बेळगाव-निपाणीतली वाचनालये, पतसंस्था, शिक्षणसंस्था, गणेशोत्सव मंडळे, इथली वर्तमानपत्रे आणि विलायत-अमेरिकेतली मराठी मंडळे यांच्या सभासदांना माझी विनंती आहे: येत्या वार्षिक सभेपूर्वी आपल्या संस्थेची घटना काढून वाचा. जातिभेद करणाऱ्याचे सभासदत्व जाईल, तक्रार कोणाकडे करायची आणि ती तपासणाऱ्यांत ज्यांना झळ बसते त्यांच्यापैकी कोणी असेल, एवढे तीत लिहिलेले नसेल, तर दुरुस्तीचा ठराव मांडा.