लॅक्टिक ॲसिडवर उगाच आळ

सिंहगड किंवा कळसूबाई करून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून, एकेक पाऊल आडवं टाकत खाली येतो. त्याला पाहून कोणीतरी जाणकाराच्या सुरात म्हणतंच, “लॅक्टिक ॲसिड साठलंय.” उपायही ठरलेले असतात. मालिश करून ते काढा, सकाळी हलकं पळून ते जाळा, लिंबूपाणी पिऊन ते मारा. (आम्ल मारायला लिंबू! असो.) ट्रेकचे लीडर हे सांगतात, जिममधले ट्रेनर सांगतात, मालिशवाले सांगतात आणि गप्पांच्या ओघात डॉक्टरही सांगून जातात. इतक्यांदा ऐकून झाल्यावर आता वाद घालायचाही कंटाळा येतो. तरी एकदा नीट सांगून टाकू: दुसऱ्या दिवशीचं ते ठणकणं लॅक्टिक ॲसिडमुळे होत नाही.

आधी वेळेचा हिशेब. जोराच्या व्यायामात रक्तातलं लॅक्टेट वाढतं, हे खरं आहे. (शरीरात हे आम्ल जवळजवळ सगळं लॅक्टेटच्याच रूपात असतं.) स्वस्थ बसलेल्या माणसात ते लिटरमागे साधारण १ मिलिमोल असतं; ४०० मीटर जीव तोडून पळालेल्या धावपटूत ते १५ च्याही वर जातं. पण थांबल्यावर तासा-दीड तासात ते पुन्हा मूळ पातळीवर येतं. दुखणं मात्र सुरू होतं बारा ते चोवीस तासांनी, आणि सगळ्यात जास्त जाणवतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गुन्हा घडला तेव्हा आरोपी गावातच नव्हता.

दुसरी गोष्ट गड चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, फक्त तिचा अर्थ कोणी लावत नाही. चढताना दम लागतो, छाती भरून येते, मांड्या जळतात. लॅक्टेट तयार होतं ते तेव्हा. उतरताना आपण गप्पा मारत येतो, श्वासाला काही होत नाही, आणि पाय धरतात ते मात्र उतरल्यामुळे. सिंहगड पायी चढून घाटरस्त्याने गाडीतून खाली येणाऱ्याला आणि पायी चढून पायीच उतरणाऱ्याला सोमवारी सकाळी पायांचं विचारून बघा.

प्रयोगशाळेत नेमकं हेच तपासून झालेलं आहे. श्वेन, आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ‘द फिजिशियन अँड स्पोर्ट्समेडिसिन’ या नियतकालिकात एक प्रयोग छापला. सात जणांना ट्रेडमिलवर ४५ मिनिटं पळवलं, सपाटीवर आणि १० टक्के उतारावर, आणि पुढचे तीन दिवस त्यांची तपासणी केली. सपाटीवर पळताना लॅक्टेट वाढलं, पण नंतर दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलंच नाही, आणि दुखलं ते चांगलंच. सातच माणसं, असं कोणी म्हणेल. मग मॅकआर्डलचा आजार घ्या. लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. या रुग्णांच्या स्नायूंना साठवलेलं ग्लायकोजन, म्हणजे ज्यापासून लॅक्टेट बनतं तो साखरेचा साठा, फोडताच येत नाही, त्यामुळे मेहनत केली तरी त्यांचं लॅक्टेट वाढत नाही. तरीही जरा जोर लावला की त्यांचे स्नायू दुखतात आणि पेटके येतात. म्हणजे स्नायू दुखायला लॅक्टेट लागतंच असं नाही.

मग हा आळ आला कुठून? बेडकांकडून. १९०७ मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे कापलेले पाय विजेचे झटके देऊन थकेपर्यंत आकसवले आणि त्यांत लॅक्टिक ॲसिड साठल्याचं मोजून दाखवलं. प्रयोग उत्तम होता. पण कापलेल्या पायात रक्त खेळत नाही, तयार झालेलं तिथेच राहणार. त्याच शोधनिबंधात हेही होतं की प्राणवायू मिळाला की ते कमी होतं. ते वाक्य लोकांच्या लक्षात राहिलं नाही. पुढे हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ सालचं नोबेल मिळालं आणि लॅक्टिक ॲसिड म्हणजे स्नायूंचा सगळा कारभार, अशी समजूत पक्की झाली. १९३० मध्ये डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी विषप्रयोगाने लॅक्टिक ॲसिड बनणं बंद पाडलं, तरी स्नायू आकसत राहिला. विज्ञान तिथून पुढे गेलं. पाठ्यपुस्तकं मागेच राहिली. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात वर्षानुवर्षे मुलांनी वाचलंय की अचानक मेहनत केल्यावर लॅक्टिक ॲसिड साठतं आणि त्याने पेटके येतात. परीक्षेत तेच लिहायचं, म्हणून जन्मभर तेच आठवतं.

चीड आणणारी गोष्ट अशी की बरोबर उत्तराचा अंदाज बेडकांच्याही आधी बांधला गेला होता. १९०२ मध्ये बॉस्टनच्या थिओडोर हफ यांनी बोटाच्या स्नायूंकडून काम करवून घेतलं आणि लिहिलं की लगेच जाणवणारा थकवा वेगळा आणि दुसऱ्या दिवशीचं दुखणं वेगळं. दुसऱ्याचं मूळ स्नायूच्या आतल्या बारीक इजेत असावं.

ही इजा होते कशी, ते समजायला उताराकडेच परत जावं लागतं. स्नायूच्या प्रत्येक तंतूत सार्कोमिअर नावाचे सूक्ष्म भाग ओळीने जोडलेले असतात. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहून जराशी जास्त. त्यांत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आकसतो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो. मांडीच्या पुढचे स्नायू आकसायला जोर लावत असतात, आणि शरीराचं वजन त्याच वेळी त्यांना लांब खेचत असतं. जोर लावत लावत ताणलं जाणं, हे स्नायूचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जाचक काम आहे. स्वस्त किती, ते ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी १९५२ मध्ये दोन सायकली पाठीला पाठ लावून, एकाच साखळीने जोडून दाखवलं. एकजण पेडल मारणार, दुसरा ते अडवणार. दोघांचा जोर सारखाच, पण अडवणाऱ्याला प्राणवायू कित्येक पट कमी लागला. याचं एक कारण असं की तेवढाच भार पेलायला त्याला कमी तंतू पुरतात. पण मग वाट्याला आलेल्या प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो. १९८१ मध्ये स्वीडनच्या फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी माणसांना वारंवार जिना उतरायला लावलं, पोटरीतल्या स्नायूचा तुकडा काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. सार्कोमिअरच्या सीमारेषा जागोजागी विस्कटलेल्या दिसल्या.

एवढ्यावरून ‘स्नायू फाटला म्हणून दुखतो’ असंही म्हणू नये, तो पुढचा गैरसमज होईल. इजा किती आणि दुखणं किती, यांचं प्रमाण नेहमी जुळत नाही. जपानमध्ये मिझुमुरा यांच्या गटाने उंदरांवर केलेल्या कामातून, २०१० च्या सुमारास, असं दिसलं की व्यायामानंतर स्नायूंत तयार होणारी ब्रॅडिकायनिनसारखी द्रव्यं आणि चेतातंतूंची वाढ घडवणारं एक प्रथिन मिळून वेदनेच्या चेता हळव्या करतात. म्हणून तर अशी मांडी नुसती ठेवली तर फारशी दुखत नाही. दाबली किंवा वाकवली की जीव जातो.

आणि एकदा असं दुखून गेलं की स्नायू काही आठवडे तयार असतो. तोच उतार दुसऱ्यांदा तेवढं दुखवत नाही. तालमीतला पहिलवान रोज शेकडो बैठका मारतो आणि त्याचे पाय धरत नाहीत, याचं कारण हे. मोठ्या ट्रेकच्या दोन आठवडे आधी एखादी टेकडी उतरून येणं हा लिंबूपाण्यापेक्षा कितीतरी खरा उपाय आहे.

उरलं लॅक्टेट. ते कचरा नाही, इंधन आहे. यकृत त्यापासून परत ग्लुकोज बनवतं. हे चक्र कार्ल आणि गर्टी कोरी यांच्या नावाने ओळखलं जातं. हृदयाचा स्नायू लॅक्टेट आवडीने जाळतो. बर्कलीच्या जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून हेच लावून धरलंय की एक स्नायू लॅक्टेट बनवतो आणि दुसरा ते वापरतो. मालिशने ते ‘निचरून’ जातं म्हणाल, तर कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाने २०१० मध्ये मोजलं: मालिशच्या दाबाने रक्तप्रवाह अडला आणि लॅक्टेट बाहेर पडायला उलट उशीर झाला. मालिशने थोडं बरं वाटतं, जरूर करून घ्या. फक्त कारण खोटं सांगू नका. ताणाचे व्यायाम, आधी करा की नंतर, दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यात नाव घेण्याजोगा फरक पाडत नाहीत. उपलब्ध प्रयोग एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन समीक्षेचा हा निष्कर्ष आहे.

बाकीचे गैरसमज किरकोळ. व्यायाम सोडला की दंडाच्या बेडकीची चरबी होत नाही. स्नायू आटतो आणि खाणं तेच राहिलं तर चरबी वेगळी वाढते. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात. कोपर आणि मनगट यांच्या मधला हात दुसऱ्या हाताने धरा आणि बोटं नाचवा, कळेल. स्नायू ढकलत नाहीत, फक्त ओढतात. ढकलण्याचं काम सांध्याच्या दुसऱ्या बाजूच्या स्नायूच्या ओढीने होतं. आणि स्नायू सैल व्हायला काही लागत नाही, हेही चूक: मायोसिनची पकड सुटायला एटीपी हे पेशींना ऊर्जा पुरवणारं द्रव्य लागतं, ते संपलं म्हणून तर प्रेत ताठरतं.

शेवटचा गैरसमज मात्र किरकोळ नाही: जितकं जास्त दुखेल तितका व्यायाम चांगला. सवय नसताना पैजेवर दोन-तीनशे बैठका मारणाऱ्याचे स्नायू इतके मोडू शकतात की त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना धोका होतो. पाय सुजले, ताकद गेली आणि लघवी चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची झाली, तर घरी शेकत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.