पोलादाच्या भट्टीतील धूळ आणि शेतातील जस्त

घरावरील पन्हळी पत्रा, पाण्याची बादली, कुंपणाची तार यांना गंज चढू नये म्हणून त्यांवर जस्ताचा मुलामा दिलेला असतो. या वस्तू निकामी झाल्या की भंगारात जातात आणि ते भंगार विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे पुन्हा पोलाद करण्यात येते. पोलाद वितळण्यास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. जस्त मात्र ९०७ अंशांवरच उकळते. त्यामुळे ते वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते व धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्यांत तपकिरी धूळ होऊन साचते. एक टन पोलादामागे अशी सुमारे १५ ते २० किलो धूळ निघते. तीत जस्त पुष्कळदा शेकडा २० च्या आसपास असते. परंतु त्याच्या जोडीला शिसे व कॅडमियम हे विषारी धातूही असतात.

ही कारखान्याची हकीकत शेतकरी बंधूंपुढे मांडण्याचे कारण उघड आहे. जस्त हे पिकाचे अन्न होय. तराई भागातील भातावर पडणारा खैरा रोग कोणत्याही जंतूमुळे नसून जमिनीतील जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगर येथील डॉ. नेने यांनी १९६६ साली दाखवून दिले. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींतही पिकास उपलब्ध जस्त पुष्कळदा अपुरे पडते.

धुळीतील जस्त वेगळे काढण्याची मुख्य रीत ‘वेल्झ’ या नावाने ओळखली जाते. धूळ व कोक एका लांब, कलत्या, सावकाश फिरणाऱ्या नळकांडी भट्टीत सुमारे १२०० अंशांपर्यंत तापवितात. कोकमुळे जस्ताच्या भस्मातील प्राणवायू सुटतो, जस्ताची वाफ होते, ती हवेतील प्राणवायूशी पुन्हा संयोग पावते आणि शेकडा ५५ ते ६५ जस्त असलेले भस्म गोळा होते. लोखंड मागे राहते. शिसे व कॅडमियम मात्र जस्ताबरोबरच येतात, आणि खरी मेख येथेच आहे. हे भस्म गंधकाम्लात विरघळविले म्हणजे शिसे बव्हंशी न विरघळता तळाशी बसते. कॅडमियम काढण्यासाठी द्रावणात जस्ताचीच बारीक भुकटी टाकावी लागते. अशा शुद्ध द्रावणाचे स्फटिक केले की झिंक सल्फेट तयार होते. शुद्धीकरणाची ही पायरी गाळली तर खत स्वस्त पडते, पण विष शेतात जाते.

ही भीती काल्पनिक नव्हे. जपानात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या सांडपाण्यातील कॅडमियम भातखाचरांत उतरले आणि माणसांची हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ रोग पसरला. त्याचे हे कारण तेथील सरकारने १९६८ साली मान्य केले. अमेरिकेत पोलाद-भट्टीची धूळ खतात वापरली जाते, ही गोष्ट १९९७ साली ‘सिॲटल टाइम्स’ने उघडकीस आणली. पुढे २००२ साली तेथील पर्यावरण संस्थेने टाकाऊ मालापासून केलेल्या जस्त खतांतील विषारी धातूंवर मर्यादा घातल्या. आपल्याकडील १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार सात रेणू पाण्याच्या झिंक सल्फेटमध्ये जस्त किमान शेकडा २१ असावे लागते. कॅडमियम शेकडा ०.००२५ व शिसे शेकडा ०.००३ यांहून अधिक चालत नाही.

तेव्हा कोणी भट्टीची भुकटी ‘जस्ताचे खत’ म्हणून स्वस्तात देऊ केली, तर ती घेऊ नये. ती पाण्यात फारशी विरघळतही नाही. झिंक सल्फेट सहज विरघळते. बाजारात झिंक सल्फेट म्हणून मॅग्नेशियम सल्फेट खपविण्याचाही प्रकार आढळतो. डीएपीचे द्रावण निवळून घेऊन त्यात संशयित मालाचे द्रावण घालावे: दाट गुठळ्या झाल्या तर जस्त आहे, न झाल्यास भेसळ समजावी. याच कारणाने स्फुरदयुक्त खतात झिंक सल्फेट कालवू नये. ते शेणखतात मिसळून द्यावे. कॅडमियम मात्र अशा घरगुती परीक्षेने कळत नाही. शंका आल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पक्की पावती व न फोडलेली पिशवी जपून ठेवावयास सांगावे आणि खत निरीक्षकास कळवून नमुना प्रयोगशाळेकडे पाठविण्याची व्यवस्था करावी.