चिंबोरीचें निळें रक्त

चिंबोरी फोडतांना गृहिणीला तांबडें रक्त कधींच दिसत नाहीं. कारण त्या रक्तांत लोहाऐवजीं ताम्र असतें. हवा लागतांच तें निळसर दिसूं लागतें. कवच फुटलें, कीं रोगजंतूंशीं झुंज या रक्तालाच द्यावी लागते. त्यांतील पेशी जंतूंना गिळतात, किंवा वेढून काळ्या रंगद्रव्यांत कोंडून टाकतात; रक्त सांखळून जखमही बुजते.

सिंधुदुर्गाच्या खाडीकांठीं चिंबोऱ्या तळ्यांत पोसल्या जातात. तेथें दाटी झाली, उरलेलें खाद्य कुजलें, म्हणजे व्हिब्रिओ नांवाचे जंतु बळावतात. नांग्यांच्या झटापटींत पडलेली जखम, अथवा कात टाकल्यावरचें मऊ कवच, त्यांना वाट देतें. संसर्ग वाढतां वाढतां लढणाऱ्या पेशीच खर्चीं पडतात, आणि त्यांची संख्या घटली कीं चिंबोरी मलूल होऊन मरते.

लस टोंचल्यावर मनुष्याच्या रक्तांत प्रतिद्रव्यें तयार होतात. चिंबोरीच्या रक्तांत तीं निर्माणच होत नाहींत. म्हणून लशीवर येथें भिस्त ठेवतां येत नाहीं. स्वच्छ पाणी, विरळ वस्ती आणि मेलेली चिंबोरी त्वरित बाहेर काढणें, हाच पाळणाऱ्याच्या हातचा खरा उपाय होय.