मोर्चा पांगल्यावर

मृणाल गोरे यांची आठवण महाराष्ट्राने दोन वस्तूंमध्ये जपली आहे: पाण्याचा हंडा आणि लाटणे. 17 जुलै 2012 रोजी त्या गेल्या तेव्हाही ‘पाणीवाली बाई’ हीच ओळख सगळ्यात आधी आठवली गेली. त्यात खोटे काही नाही. पण त्यात त्यांच्या कारकिर्दीचा निम्माच भाग येतो, आणि तोही त्यातल्या त्यात सोपा. रस्त्यावर उतरणारे पुढारी मुंबईने पुष्कळ पाहिले. मोर्चा पांगतो, बायका घरी जाऊन पुन्हा स्वयंपाकाला लागतात, पोलिसांच्या गाड्या परततात. त्यानंतर त्या मागणीचे काय होते, हा विरोधी राजकारणातला अवघड प्रश्न असतो. मृणालताईंचे मोठेपण तिथे शोधावे लागते. मागणीला ठराव, विधेयक किंवा जमिनीचा तुकडा असे काही तरी ठोस रूप येईपर्यंत त्या तिचा पिच्छा सोडत नसत. आयुष्यात एकदाही मंत्री न झालेल्या बाईने सरकारकडून इतके काम कसे करवून घेतले, याचे उत्तर या चिकाटीत आहे.

ही सवय लागली ती गोरेगावात. 1928 साली जन्मलेल्या मृणाल मोहिले वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या आणि केशव ऊर्फ बंडू गोरे या कार्यकर्त्याशी लग्न करून गोरेगावकर झाल्या. 1958 मध्ये बंडू गोरे वारले. मुलगी लहान होती. गोरेगाव तेव्हा नुकतेच, 1957 मध्ये, मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले होते. म्हणजे कर भरायला शहर आणि नळाला पाणी मागायला गेले तर गाव, अशी अवस्था. 1961 मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या आणि उपनगराचे पाणी हा त्यांचा विषय झाला. पाण्याचा प्रश्न वरवर पाहता धरणांचा आणि जलवाहिन्यांचा. प्रत्यक्षात तो वाटपाचा. कोणत्या वस्तीला जोडणी द्यायची, झोपडीत राहणारा माणूस महापालिकेच्या लेखी नागरिक आहे की अतिक्रमण, हे कुठल्या तरी टेबलावर ठरत असते. हंडे घेऊन महापालिकेवर चालून जाणे हे त्या टेबलापर्यंत पोहोचण्याचे साधन होते. आवाज रस्त्यावर उठायचा आणि उत्तर सभागृहात मागितले जायचे. अशा नगरसेविकेला टाळणे प्रशासनाला जड जाते, कारण तिला तक्रार ठाऊक असते आणि नियमही.

1972 मध्ये त्या विधानसभेत गेल्या. दुष्काळ, रॉकेलची टंचाई, रेशनच्या दुकानात नसलेले धान्य, असा तो काळ. महागाईविरोधी महिला आघाडीत समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी एकत्र आल्या. एरवी आपापल्या दैनिकांतही एकमेकांना न सोडणारे हे पक्ष. त्यांच्यातल्या बायका मात्र तेला-रॉकेलाच्या प्रश्नावर एका ट्रकवर उभ्या राहिल्या. लाटणे मोर्च्याचे छायाचित्र सर्वांना माहीत आहे. त्यापेक्षा थाळ्या वाजवण्याची युक्ती मला जास्त हुशारीची वाटते. ठरलेल्या वेळी चाळीच्या गॅलरीत किंवा खिडकीत उभे राहून थाळीवर पळी आपटायची. परवानगी लागत नाही, लोकलचे तिकीट लागत नाही, सासूला किंवा नवऱ्याला विचारून बाहेर पडावे लागत नाही. ज्या बाईला मोर्च्याला येणे शक्यच नव्हते तिलाही आंदोलनात जागा मिळाली, आणि पोलिसांना अटक करायला कोणी समोर नव्हते.

यावर स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी घेतलेला आक्षेप वजनदार आहे. लाटणे आणि थाळी हातात देऊन तुम्ही बाईला स्वयंपाकघरातूनच बोलायला लावता. घरातली कामाची वाटणी, नवऱ्याची मारहाण यांबद्दल ती गप्पच राहते. त्या मोर्च्यांपुरते हे बरोबर आहे. पण आक्षेप तिथेच थांबवला तर पुढची वीस वर्षे दिसत नाहीत. भाववाढीच्या निमित्ताने बाहेर पडलेल्या बायका पुढे घरातले गाऱ्हाणेही घेऊन येऊ लागल्या, आणि गोरेगावच्या केशव गोरे स्मारक ट्रस्टमध्ये ‘स्वाधार’ हे पीडित स्त्रियांना आधार देणारे केंद्र उभे राहिले. शिवाय सत्तेच्या हिशेबातही त्या आघाडीचे फळ दिसते: 1977 मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई, 1980 मध्ये प्रमिलाताई, अशा तिघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या. लाटण्याने बायकांना घरात बांधून ठेवले असते तर असे घडते ना.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, मग तुरुंगात. 1977 च्या विजयानंतर ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा गाजली. दिल्लीतला हा मुक्काम मात्र त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत फिका टप्पा म्हणावा लागेल. जनता पक्ष सत्तेवर होता आणि सत्ताधारी बाकांवर बसून भांडण्याची कला त्या पक्षातल्या कोणालाच नीट साधली नाही. आपसात भांडण्याची तेवढी साधली.

विरोधी आमदार म्हणून त्यांचा कस लागला तो ऐंशीच्या दशकात. गर्भजलपरीक्षा करून मुलीचा गर्भ पाडण्याचा धंदा मुंबईत राजरोस चालला होता, जाहिराती लागत होत्या. स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि संशोधक यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, आणि मृणालताईंनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले. अशी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत, हे विधिमंडळ जवळून पाहणाऱ्या कोणालाही माहीत असते. त्यांचा उपयोग वेगळा: सरकारला त्या विषयावर भूमिका घ्यावी लागते आणि ती कामकाजात नोंदली जाते. अखेर सरकारने स्वतःचा कायदा आणला. 1988 चा महाराष्ट्राचा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा हा देशातला असा पहिला. केंद्राचा कायदा यायला 1994 उजाडले. त्याच 1988 च्या डिसेंबरात मृणालताई विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. प्रतिभाताई पाटील यांच्यानंतर त्या पदावर बसलेल्या त्या दुसऱ्या स्त्री.

कायदा झाला, पण मुली वाचल्या का? महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913, आणि 2011 मध्ये 894. ज्यांना रस्त्याचे आणि विधिमंडळाचे राजकारण व्यर्थ वाटते त्यांच्या हातात हे आकडे आयतेच येतात. त्यांना एवढेच म्हणता येईल की विरोधी पक्ष कायदा करायला लावू शकतो, सोनोग्राफी केंद्रावर धाड घालू शकत नाही. अंमलबजावणी सरकारची आणि जबाबदारीही त्याचीच. मात्र यात विरोधकांच्या मर्यादेची कबुलीही आहे, आणि मृणालताईंच्या भक्तांनी ती टाळू नये.

कदाचित ही मर्यादा ओळखूनच त्यांनी घरांच्या बाबतीत वेगळा रस्ता धरला. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत एका मालकाला 500 चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायला बंदी होती. कागदावर ही क्रांती. व्यवहारात सवलतींचा बाजार. बाबूराव सामंत यांच्यासह मृणालताईंनी ‘नागरी निवारा परिषद’ उभी केली आणि कायदा आहे तर त्यातली जमीन द्या, अशी मागणी धरली. हे सामंत म्हणजे ज्यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी 1982 मध्ये निकाल दिला आणि मुख्यमंत्री अंतुले यांना जावे लागले, तेच. इतक्या कडव्या विरोधकांना काँग्रेसच्या राजवटीत गोरेगाव पूर्वेला जमीन मिळवावी लागली आणि तिथे हजारो कुटुंबांची वसाहत उभी राहिली. काहींना ही तडजोड वाटली. दुसरे काही म्हणाले, घरे मिळाली ती कनिष्ठ मध्यमवर्गाला, फुटपाथवरच्या माणसाला नव्हे. दुसरा आक्षेप खरा आहे. पहिला मला पटत नाही: सरकारला त्याचाच कायदा पाळायला लावणे ही तडजोड असेल, तर विरोधी पक्षाकडे करण्यासारखे उरते काय?

राजकीय हिशेबात हे सारे कितपत उपयोगी पडले, हा प्रश्न मात्र कडू आहे. 1990 मध्ये गोरेगावची विधानसभेची जागा शिवसेनेने जिंकली, आणि समाजवाद्यांचा मुंबईतला पाया त्यानंतर सावरला नाही. ज्यांना नळ मिळाला, घर मिळाले, त्यांनी मत दुसरीकडे दिले. 2007 मध्ये महाराष्ट्राने कमाल जमीन धारणा कायदाही मागे घेतला. तेव्हा मृणालताई हयात होत्या. म्हणजे ज्या कायद्याच्या जोरावर नागरी निवाराची घरे झाली, तशी दुसरी वसाहत मागायला पुढच्या कोणत्याही विरोधी नेत्याच्या हातात तो कायदा उरला नाही. आज गोरेगावात त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, आणि त्याच गोरेगावात नव्या टॉवरमधले घर पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेर आहे.