घरातल्या उरलेल्यांचं काय?

वऱ्हाडात मनाची विचारपूस सरकारी कागदावर आली ती मरणाच्या वाटेने. अमरावती विभागात २००१पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते. घटना घडली की चौकशी होते, सातबारा, कर्जाचे कागद, पंचनामा असं सगळं जोडलं जातं आणि शेवटी प्रकरणावर शेरा पडतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. २००६मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं. त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा हे सहा जिल्हे होते. बोलणं झालं ते व्याजमाफीचं, सिंचनाचं, बियाण्याचं. ते हवंच होतं. पण गेलेल्या माणसामागे घरात एक बाई, दोन-तीन लेकरं आणि म्हातारी माय उरते. त्यांच्या झोपेचं, भुकेचं, भीतीचं काय झालं, हे विचारायला कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता.

बरं, विचारून पाठवायचं तरी कुठे? महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. वऱ्हाडाला जवळचं नागपूर, तेही अमरावतीहून दीडशे किलोमीटरवर. शिवाय त्याला गावोगावी ‘पागलखाना’च म्हणतात. झोप लागत नाही, सैपाकात लक्ष नाही, लेकरू शाळेत जायला नाही म्हणतं, एवढ्याशा तक्रारीसाठी त्या दारात कोण जाईल? राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. जे आहेत ते बहुतेक शहरांत.

या अडचणीवर अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत एक उपाय करून पाहिला गेला. त्याचं नाव ‘विश्राम’, म्हणजे विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम. गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेचं मार्गदर्शन होतं आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये यांचा त्यात मोठा वाटा होता. रचना अगदी साधी. गावातलाच, थोडं प्रशिक्षण घेतलेला कार्यकर्ता घरोघरी जाऊन बोलायचा. ज्याला जास्त त्रास, त्याच्यासाठी समुपदेशक गावात यायचा. औषधाची गरज असेल त्याचीच गाठ डॉक्टरशी घालून दिली जायची. एरवी आरोग्यव्यवस्थेत माणूस डॉक्टरकडे जातो. इथे वाट उलटी होती.

बोलण्याची भाषाही गावचीच ठेवावी लागते. ‘तुम्हाला नैराश्य आहे का?’ असं विचारलं तर वऱ्हाडातला माणूस ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. ‘झोप लागते का रातीला? टेन्शन येतं का? डोक्यात लय इचार येतात का?’ असं विचारलं की तोच माणूस खाटेवर सरकून जागा करतो आणि ‘काही सुदरतच नाही बाप्पा’ म्हणत बोलायला लागतो.

पुढे समुपदेशक नेमकं काय करतो, याबद्दल लोकांच्या मनात गूढ असतं. प्रत्यक्षात काम फार घरगुती आहे. समजा, एका बाईचं मन उडालं आहे. पूर्वी ती शेजारणीसोबत वेचायला जायची, गुरुवारी भजनात बसायची. आता दार लावून पडून राहते. ‘बरं वाटलं की जाईन’ म्हणते आणि पडून राहिल्यामुळे बरं वाटत नाही. समुपदेशक तिच्याशी बोलून आठवड्याचा बेत ठरवतो. पहिले तीन दिवस फक्त अंगणात बसून तांदूळ निवडायचे. मग एक दिवस शेजारणीकडे चहा. भजन पुढच्या आठवड्यात. आधी काम, मग मन, असा हा उलटा क्रम आहे. सोबत, जी अडचण खरोखर सुटण्यासारखी आहे तिचे तुकडे करून एकेक सोडवायचा : बँकेचा कागद, रेशनकार्ड, निराधार योजनेचा अर्ज. गोव्यात याच पद्धतीने, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत दिलेल्या उपचाराची रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले.

‘विश्राम’चा हिशोबही ‘लॅन्सेट सायकियाट्री’त २०१७ साली आला. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुठेतरी मदत मागितली होती. सुमारे दीड वर्षाने हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. बाई-पुरुष, शिकलेले-न शिकलेले, सगळ्यांत ही वाढ दिसली. तुलनेसाठी वेगळी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय बिनदिक्कत या कामाला देता येत नाही. आणि उरलेले सत्तरहून अधिक टक्के तेव्हाही मदतीबाहेरच होते. तरी वऱ्हाडातला माणूस मनाचं बोलत नाही, हा समज मात्र त्या तीस गावांनी खोटा ठरवला. विचारणारं माणूस ओळखीचं असलं की तो बोलतो.

झिम्बाब्वेतला अनुभवही हाच. हरारेमध्ये २००६पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याच्या आवारात बाकं टाकून वस्तीतल्या आज्यांनाच समुपदेशनाला बसवलं. आजीबाईंपुढे लोक मोकळे झाले. आपल्याकडे आज्या काही कमी नाहीत, पण त्यांना कुणी प्रशिक्षण देत नाही आणि त्यांच्या सल्ल्याची सुरुवात ‘आमच्या वेळी असं काही नव्हतं’ इथून होते.

राज्य सरकारनेही २०१५मध्ये आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात अमरावती आणि अकोला दोन्ही आले. गावातली आशाताई ठरावीक प्रश्न विचारून ताणाखालची माणसं हेरते, जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर समुपदेशन मिळतं, १०४ क्रमांकावर फोनची सोय आहे. अशा तपासणीसाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली नऊ प्रश्नांची असते आणि गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. नववा प्रश्न मरणाच्या विचाराचा. कागदावर तो इतर आठांसारखाच दिसतो. पण सासू शेजारी बसलेली असताना सून त्याचं खरं उत्तर देईल, ही अपेक्षा ज्याने वऱ्हाडातलं दोन खोल्यांचं घर पाहिलं नाही, त्यानेच करावी. अनुभवी आशाताई ‘चाल वं, मले जरा पाणी दे’ म्हणत सुनेला चुलीपाशी नेते आणि तिथे विचारते. कुठल्याही प्रशिक्षणपुस्तिकेपेक्षा ही युक्ती मोलाची आहे.

मात्र या सगळ्या धडपडीत लेकरं मागेच राहिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार निम्मे मानसिक आजार चौदाव्या वर्षाच्या आतच सुरू होतात. आणि लहान मूल ‘मला टेन्शन आहे’ असं सांगत नाही. त्याचं फक्त सकाळी, शाळेच्या वेळेला पोट दुखतं. सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. मोठ्या बहिणीचा पदर सुटत नाही. बारा-तेरा वर्षांचं पोट्टं उलट बोलायला लागतं, आणि त्याचा त्रास ‘मस्ती’ म्हणून मोजला जाऊन पाठीत धपाटा बसतो. अशी लक्षणं दोन-चार दिवसांची असतील तर चिंता नको. आठवडेच्या आठवडे टिकली, अभ्यास, खेळ, जेवण यांतलं काही तुटायला लागलं, तर दाखवायला हवं.

घरात मृत्यू झाला असेल तर मोठ्यांची पहिली चूक ठरलेली. ‘बाबा गावाला गेले’ असं सांगतात. मूल वाट बघतं. मग शाळेत कुणीतरी खरं सांगतं आणि त्या दिवसापासून घरच्यांच्या बोलण्यावरचा त्याचा भरवसा जातो. तज्ज्ञांचं सांगणं सरळ आहे : वयाला झेपेल एवढं पण खरं सांगावं, ‘तुझ्यामुळे झालं नाही’ हे आपणहून, पुन्हा पुन्हा म्हणावं, आणि शाळा, जेवण, झोप यांच्या वेळा शक्य तितक्या तशाच ठेवाव्यात. बाप दारू पितो त्या घरातही दुसरी गोष्ट तितकीच लागू. भांडण आपल्यामुळे होतं, असं लहान मुलांना सहज वाटतं.

शाळेत मास्तरांवर हे काम सोपवावं, असं पटकन सुचतं. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातला ‘सेहेर’ हा प्रयोग इथे डोळे उघडणारा आहे. काही माध्यमिक शाळांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांनी चालवला, काहींत त्यासाठीच नेमलेल्या, पदवीपेक्षा वेगळं काही न लागणाऱ्या साध्या समुपदेशकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि मारझोड कमी झाली, मुलांचं नैराश्य घटलं. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट म्हणून नव्हे. पोषण आहार, निवडणूक, सर्वेक्षण आणि वर हे, असा भार असलेला माणूस कुणाचं ऐकून घेणार? शिवाय जो गुण देतो त्याच्यापाशी मन मोकळं करायला मूल कचरतंच.

अकोल्यात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. नीट, जेईईच्या शिकवण्यांसाठी आजूबाजूच्या तालुक्यांतून पोरं इथे येऊन खोली करून राहतात. घरी कापसाच्या भावावर फी ठरलेली असते आणि ते पोराला ठाऊक असतं. टेस्टच्या मार्कांवरून बॅच पाडल्या की सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपली किंमत दर पंधरवड्याला भिंतीवर लावलेली दिसते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना नेमक्या यावर बोट ठेवतात. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि शिकवणी वर्गांनी गुणांवरून बॅच पाडणं, चारचौघांत पाणउतारा करणं टाळावं. प्रवेशाच्या वेळी निकालाचे फ्लेक्स बघणाऱ्या पालकांनी ‘तुमचे समुपदेशक कोण, कधी बसतात?’ हेही काउंटरवर विचारायला हरकत नाही. फी भरण्याआधी विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

सरकारी सोयी आहेत, पण त्या माहीत असाव्या लागतात. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. अमरावतीच्या इर्विनमध्ये आणि अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथे जायला ‘वेडं’ असावं लागत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या टेलिमानसचा क्रमांक १४४१६. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि फोन मुलाने केला काय, आईने केला काय किंवा काळजी वाटणाऱ्या शेजाऱ्याने केला काय, चालतो. मुलांसाठीचा १०९८ वेगळा. घरात कुणी फारच खचलं असेल तर फवारणीची औषधं घराबाहेर, कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे ठेवावी. श्रीलंकेने सर्वांत घातक कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण दोन दशकांत सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. तिथेही कर्ज होतं, दारू होती, नापिकीही होती.