वर्तुळ सांधणारी गोष्ट

डावं मनगट पुढे करा आणि उजव्या हाताची बोटं नाडीवर ठेवा. आता श्वास घ्या आणि अगदी सावकाश सोडा. काय जाणवलं? श्वास घेताना नाडी थोडी पळते, सोडताना हळू होते. म्हणजे हृदयाचा लगाम दिवसभर आपल्या हातात असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो!

भयंकर प्रसंगातून गेलेल्या मुलांच्या एका उपचारात आधी हा लगाम धरायला शिकवतात. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनारिनो आणि एस्थर डेब्लिंगर या अमेरिकी तज्ज्ञांनी तो घडवला. अंग शांत करता येऊ लागलं की मुलाला म्हणतात, झालेलं सांग. थोडं थोडं, झेपेल तेवढंच, पण सांग.

आपण मात्र मायेपोटी म्हणतो, ‘जाऊ दे, तो विषय नको.’ मग सांगून बरं कसं वाटतं? घाबरलेल्या मेंदूत त्या आठवणीवर तारखेचा शिक्काच जणू पडलेला नसतो. दार आपटलं की मुलाला ते आत्ताच घडतंय असं वाटतं. सुरक्षित माणसाजवळ पुन्हा पुन्हा सांगताना जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्याशेजारी दुसरी रुजते: ते झालं, संपलं, मी सुखरूप आहे. सांगून सांगून ही नवी इतकी बळकट होते की जुनीला गप्प बसवते.

आता अमेरिकेतल्या ओक्लाहोमाला चला. कॅडो या मूळनिवासी राष्ट्राच्या मानसशास्त्रज्ञ डोलोरेस सुबिया बिगफूट यांनी हा उपचार मूळनिवासी मुलांसाठी नव्याने विणला. नाव दिलं, ‘मुलांचा मान राखू, वर्तुळ सांधू’. शरीर, मन, भावना, नाती आणि आत्मा यांचं हे वर्तुळ.

ते तुटलं कसं? 1819 ते 1969 या काळात अमेरिकी सरकारच्या चारशेहून अधिक निवासी शाळांत मूळनिवासी मुलं नेली गेली. भाषा बंद, नाव बदललेलं, केस कापलेले. लाकोटा या मूळनिवासी लोकांत केस कापतात ते घरातलं माणूस गेल्यावर. त्या पोरांना काय वाटलं असेल? शिवाय सरकारच्या 1883च्या नियमांनी अनेक विधी गुन्हा ठरवले. म्हणजे जखम झाली, आणि ती भरून काढायची रीतही हिसकावली. लाकोटा संशोधक मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट यांनी याला ‘ऐतिहासिक आघात’ म्हटलं: पिढ्यांमागून पिढ्या उतरत आलेलं, मोकळेपणी रडूही न दिलेलं दुःख.

आणि बिगफूट यांनी काय दाखवून द्यावं? या उपचाराचे धागे त्यांच्या समाजात आधीपासून होतेच! ढोलाभोवती बसून लांबलचक ओळ एका दमात गायची, तर श्वास सावकाशच सोडावा लागतो. थोरांनी गोष्ट सांगायची, पोरांनी ऐकायची, मग पोरांनी सांगायची. दवाखान्यातल्या पायऱ्यांना त्या त्या जमातीची गाणी, नाच, प्रतिमा जोडता येतात. माझ्या तर हे वाचताना अंगावर काटा आला.

उपचाराच्या अखेरीस मूल आपली पूर्ण गोष्ट घरच्या जवळच्या माणसाला सांगतं. पण हे जवळचं माणूस कोण? आपल्याकडे म्हणतात, माय मरो पण मावशी जगो. लाकोटा भाषेत तर आईला ‘इना’ म्हणतात, आणि मावशीलाही ‘इना’च.