चूक दुसऱ्याला आधी दिसते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदापूर तालुक्यातून तापाने फणफणलेले, दहा किलोचे बाळ घेऊन आजी बारामतीला आल्या होत्या. संगणकाच्या चिठ्ठीवर छापून आले : पॅरासिटामॉल सिरप, ६ मिलि. हिशेब बिनचूक होता. किलोमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे १५०. ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ६ मिलि. मी सही केली. आजींच्या हातातली बाटली मात्र २५०ची होती. सिस्टर म्हणाल्या, "सर, हे दुप्पट होतंय."

प्रोग्राम लिहिणाऱ्याने एकच बाटली गृहीत धरली होती. तो हुशारच होता. पण स्वतःचे लिखाण पुन्हा वाचताना आपण कागदावरचे नव्हे, मनातले वाचतो. माझेही तेच झाले.

याची जबर किंमत जगाने मोजली आहे. १९८५ ते १९८७ दरम्यान कॅनडा व अमेरिकेत 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले, काही दगावले. आधीच्या यंत्रांतली यांत्रिक कुलुपे काढून सारी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. ते मुख्यतः एकाच माणसाने लिहिलेले आणि त्रयस्थाने न तपासलेले होते.

उपाय मात्र तोवर ठाऊक झाला होता. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये सहकाऱ्यांकडून तपासणीची पद्धत मांडली. प्रोग्राम चालवण्याआधी तीन-चार सहकारी तो ओळीओळीने वाचतात, चुका नोंदवतात. दुरुस्ती मूळ लेखक करतो. महत्त्वाची अट अशी, की सापडलेल्या चुकांवरून कुणाच्या कामाचे मूल्यमापन करायचे नाही. भीती असली की चुका लपतात.

आम्हा डॉक्टरांना ही अट ओळखीची आहे. मातामृत्यूचे अन्वेषण होते, तेव्हाही प्रश्न 'कोण चुकले' हा नसून 'कुठे चुकले' हा असायला हवा. रुग्णालयांचे कामकाज आता संगणकावर चालले आहे. म्हणून तिथल्या प्रोग्रामच्या तपासणीत डॉक्टर, सिस्टर आणि औषधनिर्मात्यानेही बसले पाहिजे. बाटल्या दोन असतात, हे त्यांनाच माहीत असते.

घरीही एवढे करा. मुलाला सिरप पाजण्याआधी बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्या. शंका आली तर खुशाल विचारा. त्या दिवशी सिस्टरांनी विचारले, म्हणून बाळाला ३ मिलिच मिळाले.